न्युर्बुर्गरिंग

न्युर्बुर्गरिंग हे जर्मनीच्या ऱ्हाइनलांड-फाल्त्स राज्यातील आयफेल या डोंगराळ प्रदेशात असलेले मोटार शर्यतींचे संकुल आहे. क्योल्न (कोलोन) शहराच्या दक्षिणेस सुमारे ७० किमी अंतरावर न्युर्बुर्ग हे लहानसे खेडे आणि त्याच नावाचा मध्ययुगीन किल्ला आहे. त्यांच्या भोवतीच्या जंगलात हा शर्यतमार्ग वळसे घेत जातो. १९२७ मध्ये खुल्या झालेल्या या संकुलात आज दोन मार्ग वापरात आहेत. पहिला २०.८३२ किमी लांबीचा जुना 'नोर्डश्लाइफं', म्हणजे उत्तर फेरा. दुसरा १९८४ मध्ये सुरू झालेला आणि सध्या ५.१४८ किमी लांब असलेला ग्रांप्री मार्ग.

न्युर्बुर्गरिंगची ख्याती मुख्यतः उत्तर फेऱ्यामुळे आहे. फॉर्म्युला वन जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील शर्यती येथे १९५१ ते १९७६ या काळात झाल्या. ब्रिटिश चालक जॅकी स्ट्युअर्टने या मार्गाला 'हिरवा नरक' असे नाव दिले आणि ते कायमचे रूढ झाले. या मार्गाची असाधारण लांबी हेच त्याचे आकर्षण होते. मात्र एवढ्या लांबीमुळे मार्गावरील प्रत्येक ठिकाणी अपघातग्रस्तापर्यंत वेळेवर पोहोचणे अशक्य होते, आणि अखेरीस याच कारणाने फॉर्म्युला वनला हा मार्ग सोडावा लागला.

पार्श्वभूमी आणि उभारणी

पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत आयफेल हा मागासलेला प्रदेश होता. हवा थंड, जमीन हलकी, उद्योगधंदे जवळजवळ नाहीत आणि बेरोजगारी मोठी, अशी तेथील स्थिती होती. १९२० च्या दशकात या भागातील सार्वजनिक रस्त्यांवर 'आयफेलरेनेन' या नावाने मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती होऊ लागल्या. त्यांना गर्दी होत असे, पण गावांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर अशा शर्यती घेणे धोक्याचे होते. आडेनाउ जिल्ह्याचे प्रशासक ओटो क्रॉइट्स यांनी या दोन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर सुचवले. केवळ शर्यतींसाठी आणि मोटारींच्या चाचण्यांसाठी डोंगरात स्वतंत्र रस्ता बांधावा, आणि ते काम बेरोजगारांना रोजगार देण्याच्या सरकारी योजनेतून करावे, असा त्यांचा प्रस्ताव होता.

सप्टेंबर १९२५ मध्ये कामाची पायाभरणी झाली. आराखडा गुस्टाफ आइश्लर या वास्तुविशारदाचा होता. काम भरात असताना दोन हजारांहून अधिक मजूर त्यावर राबत होते. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि त्यावरून त्या काळी बरीच टीकाही झाली. डोंगर कापून रस्ता सरळ करण्याऐवजी आइश्लरने तो जमिनीच्या चढउतारांबरोबर नेला. मार्गाचे पुढील सगळे वैशिष्ट्य या एका निर्णयातून आले.

१८ जून १९२७ रोजी मोटारसायकलींच्या शर्यतीने मार्गाचे उद्घाटन झाले. दुसऱ्या दिवशी झालेली मोटारींची शर्यत रुडॉल्फ काराचिओलाने मर्सिडीज-बेंझ गाडीतून जिंकली. तेव्हा संपूर्ण मार्ग २८.२६५ किमी लांब होता. त्यात २२.८१० किमीचा उत्तर फेरा आणि ७.७४७ किमीचा दक्षिण फेरा असे दोन भाग होते. ते एकत्र किंवा स्वतंत्रपणे वापरता येत. १९२९ नंतर ग्रांप्री शर्यतींसाठी संपूर्ण मार्ग वापरला गेला नाही. शर्यत नसलेल्या दिवशी शुल्क भरून कोणालाही आपली गाडी येथे चालवता येई. ही प्रथा सुरुवातीपासूनची असून ती आजही चालू आहे.

उत्तर फेऱ्याची रचना

अधिकृत मोजणीनुसार उत्तर फेऱ्यावर ७३ वळणे आहेत. त्यांपैकी ३३ डावी आणि ४० उजवी आहेत. मात्र कोणत्या वाकाला वळण म्हणावे हे मोजणाऱ्यावर अवलंबून असल्याने जुन्या लेखनात याहून बरेच मोठे आकडे आढळतात. मार्गाच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या बिंदूंमध्ये सुमारे ३०० मीटरचा फरक आहे.

फेरीच्या आरंभी हात्सेनबाख येथे डाव्या-उजव्या वळणांची सलग मालिका लागते. त्यानंतर फ्लुगप्लात्स येतो. 'फ्लुगप्लात्स' म्हणजे विमानतळ. येथील उंचवट्यावर गाड्या हवेत उडतात म्हणून हे नाव पडले असा समज आहे, पण ते जवळच्या ग्लायडरच्या मैदानावरून आले आहे. पुढे फुक्सर्योरं, म्हणजे 'कोल्ह्याची नळी', हा तीव्र उतार आहे. त्याच्या तळाशी रस्ता एकदम वर वळतो आणि गाडी जमिनीवर दाबली जाते. आडेनाउच्या जंगलातून मार्ग ब्राइडशाइड येथील पुलापाशी सर्वांत खाली उतरतो आणि तेथून चढ सुरू होतो. बेर्गवेर्क, म्हणजे 'खाण', हे या चढाच्या प्रारंभीचे उजवे वळण आहे. त्याच्या आधी चुकलेली गती पुढे काही किलोमीटर भरून काढता येत नाही, म्हणून चालक त्याला फार महत्त्व देतात.

चढ संपता संपता कारुसेल हे सर्वांत प्रसिद्ध वळण लागते. वळणाच्या आतील बाजूस पाण्याच्या निचऱ्यासाठी असलेल्या चरात चाके घालून वेग राखण्याची युक्ती सुरुवातीच्या काळात चालकांनी शोधली. या युक्तीशी काराचिओलाचे नाव जोडले जाते आणि वळणालाही त्याचेच नाव आहे. पुढे त्या चराच्या जागी काँक्रीटचा तिरका पट्टा करण्यात आला. त्यावरून जाताना गाडी आणि चालक दोघांनाही मोठे हादरे बसतात. त्यानंतर होहं आख्त या माथ्यावरून मार्ग ब्र्युनखन आणि फ्लान्त्सगार्टन या उतारांकडे जातो. फ्लान्त्सगार्टन येथे गाड्यांची चाके खरोखरच जमीन सोडतात. शेवटी ड्योटिंगर ह्योहं हा दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा सरळ पट्टा लागतो.

या मार्गाची कठीणता केवळ वळणांच्या संख्येत नाही. पाच किलोमीटरच्या सामान्य मार्गावर शंभर किलोमीटरचा सराव केला तर चालक प्रत्येक वळण वीस वेळा घेतो. येथे तेवढ्याच अंतरात पाच वेळाही नाही. अनेक वळणे उंचवट्यांच्या मागे दडलेली असल्याने पुढचा रस्ता दिसत नाही, तो पाठच असावा लागतो. फेरीच्या आरंभी टायर फुटला, तर जवळजवळ वीस किलोमीटर तशीच गाडी रेटल्यावर पिट गाठता येते. हवामानाचा प्रश्न याहून बिकट आहे. मार्गाच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस किंवा धुके असणे आयफेलमध्ये नित्याचे आहे. त्यामुळे कोरड्या रस्त्याचे टायर लावावेत की ओल्या, या प्रश्नाला पुष्कळदा बरोबर उत्तरच नसते.

ग्रांप्री शर्यतींचा काळ

१९३० च्या दशकात मर्सिडीज-बेंझ आणि आउटो युनियन या जर्मन कंपन्यांच्या चंदेरी गाड्यांचे शर्यतींवर वर्चस्व होते आणि नाझी राजवट त्यांच्या विजयांचा प्रचारासाठी उपयोग करून घेत होती. १९३५ च्या जर्मन ग्रांप्रीत इटलीच्या तात्सिओ नुव्होलारीने कमी शक्तीच्या, जुन्या पडलेल्या आल्फा रोमेओ गाडीतून या सर्वांना हरवले. शेवटच्या फेरीत आघाडीवर असलेल्या मानफ्रेड फॉन ब्राउखिच याच्या मर्सिडीजचा टायर फुटला आणि नुव्होलारी पुढे गेला. शर्यतींच्या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित विजयांमध्ये याची गणना होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्त्या करून उत्तर फेरा १९४९ मध्ये पुन्हा शर्यतींसाठी खुला झाला. १९५१ मध्ये येथे जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली. ती फेरारीच्या आल्बेर्तो आस्कारीने जिंकली.

१९५७ ची जर्मन ग्रांप्री ही अर्जेंटिनाच्या हुआन मॅन्युएल फांजिओची सर्वश्रेष्ठ शर्यत मानली जाते. फेरारीचे माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स इंधनासाठी न थांबता २२ फेऱ्या पूर्ण करणार होते. फांजिओने आपली मासेराती अर्ध्याच भरलेल्या टाकीने आणि मऊ टायरांनी सुरू केली, म्हणजे हलक्या गाडीने आघाडी घेऊन मध्ये एकदा थांबता यावे. बाराव्या फेरीअखेर तो थांबला तेव्हा त्याच्याकडे सुमारे ३० सेकंदांची आघाडी होती. पण पिटमधील काम लांबले आणि बाहेर पडला तेव्हा तो पाऊण मिनिटाहून अधिक मागे होता. त्यानंतर त्याने फेरीमागून फेरी आपलाच विक्रम मोडत नेला. त्याची सर्वांत वेगवान फेरी ९ मिनिटे १७.४ सेकंदांची होती. सरावातील त्याच्या स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षाही ती आठ सेकंदांनी कमी होती. एकविसाव्या फेरीत दोन्ही फेरारींना मागे टाकून त्याने ३.६ सेकंदांनी शर्यत आणि पाचवे विश्वविजेतेपद जिंकले. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. ग्रांप्रीतील हा त्याचा अखेरचा विजय ठरला.

या विजयगाथांच्या मधोमध मृत्यूंची मालिकाही चालू होती. १९५४ मध्ये सरावादरम्यान ओनोफ्रे मारिमोन मरण पावला. फांजिओशी झुंजलेला कॉलिन्स पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, फ्लान्त्सगार्टन येथे गाडी उलटून गेला. कारेल गोडिन डं बोफोर्ट (१९६४), जॉन टेलर (१९६६) आणि गेर्हार्ड मिटर (१९६९) हेही येथील अपघातांचे बळी आहेत.

सुरक्षेचा प्रश्न

१९६८ च्या शर्यतीत दाट धुके आणि संततधार पाऊस होता. जॅकी स्ट्युअर्टच्या मनगटाचे हाड मोडलेले होते. तरीही त्याने ही शर्यत चार मिनिटांहून अधिक अंतराने जिंकली. चालकांच्या सुरक्षेसाठी सर्वाधिक आग्रह धरणारा माणूस आणि या मार्गावर सर्वांत कुशलतेने गाडी चालवणारा माणूस एकच होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यामुळे भित्रेपणाचा आरोप त्याच्यावर टिकत नसे.

१९७० मध्ये चालकांच्या संघटनेने सुधारणा झाल्याशिवाय येथे शर्यत न करण्याची भूमिका घेतली. काही आठवड्यांपूर्वीच झांडफोर्ट येथे पिअर्स करेज जळून मरण पावला होता. मागण्या शर्यतीपूर्वी पूर्ण होण्यासारख्या नव्हत्या, म्हणून जर्मन ग्रांप्री होकनहाइम येथे हलवण्यात आली. पुढील काही महिन्यांत उत्तर फेऱ्यावरील उंचवटे कमी करण्यात आले, काही वळणे सौम्य केली गेली, कडेची झाडेझुडपे काढून पोलादी कठडे बसवण्यात आले. १९७१ मध्ये फॉर्म्युला वन येथे परतली आणि ती शर्यतही स्ट्युअर्टनेच जिंकली.

मात्र या सुधारणांनी मार्ग अधिक वेगवान केला. १९७५ च्या सरावात ऑस्ट्रियाच्या निकी लाउडाने ६ मिनिटे ५८.६ सेकंदांत फेरी पूर्ण केली. फॉर्म्युला वन गाडीने सात मिनिटांच्या आत फेरी पूर्ण करण्याची ही पहिलीच वेळ होती. कठडे बसले तरी लांबी तेवढीच राहिली होती. नेहमीच्या मार्गाच्या कितीतरी पट निशाणवाले, अग्निशामक आणि वैद्यकीय पथके येथे लागत, आणि आयोजकांना तेवढी उभी करणे परवडत नव्हते. दूरचित्रवाणीलाही एवढा मार्ग कॅमेऱ्यांत सामावणे कठीण जात होते.

१९७६ चा अपघात

१९७६ च्या शर्यतीपूर्वी लाउडाने बहिष्काराचा प्रस्ताव मांडला, पण चालकांच्या मतदानात तो फेटाळला गेला. १ ऑगस्ट रोजी शर्यत ओल्या रस्त्यावर सुरू झाली. रस्ता सुकू लागल्याने पहिल्या फेरीनंतर लाउडासह अनेकांनी टायर बदलले. दुसऱ्या फेरीत बेर्गवेर्कच्या अलीकडील वेगवान डाव्या वळणावर त्याची फेरारी भरकटून कडेच्या बांधावर आदळली आणि पेटून रस्त्यावर परत आली. मागून येणारी ब्रेट लंगरची गाडी तिच्यावर धडकली. अपघाताचे कारण निश्चित झाले नाही. मागील सस्पेन्शन तुटले असावे असे मानले जाते.

लाउडाला आगीतून बाहेर काढले ते सहस्पर्धकांनी. लंगर, गाय एडवर्ड्स, हाराल्ड एर्टल आणि आर्तुरो मेर्झारिओ हे चौघे आपापल्या गाड्या थांबवून धावले. लाउडाचा चेहरा भाजला होता आणि विषारी धुरामुळे फुप्फुसांना गंभीर इजा झाली होती. रुग्णालयात त्याच्यावर अंत्यसमयीचे धार्मिक संस्कारही करण्यात आले. तथापि, सहा आठवड्यांनी तो मोंझा येथील शर्यतीत उतरला आणि चौथा आला. त्या वर्षीचे विजेतेपद एका गुणाने जेम्स हंटकडे गेले. न्युर्बुर्गरिंगची पुन्हा सुरू केलेली शर्यतही हंटनेच जिंकली होती.

लाउडाच्या अपघातामुळे फॉर्म्युला वनने उत्तर फेरा सोडला असे सरसकट सांगितले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. आवश्यक सुरक्षाव्यवस्था येथे उभी राहू शकत नाही, हे शर्यतीपूर्वीच स्पष्ट होत चालले होते. अपघाताने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. १९७७ पासून जर्मन ग्रांप्री होकनहाइमला गेली. मोटारसायकलींची जागतिक अजिंक्यपद शर्यत मात्र येथे १९८० पर्यंत होत राहिली.

नवा ग्रांप्री मार्ग

जुना प्रारंभबिंदू आणि दक्षिण फेऱ्याच्या काही भागाच्या जागी ४.५४२ किमीचा नवा मार्ग बांधण्यात आला. या बदलात उत्तर फेरा २०.८३२ किमीपर्यंत कमी झाला. बांधकाम चालू असताना, २८ मे १९८३ रोजी, जर्मन चालक श्टेफान बेलोफने पोर्शे ९५६ मधून सराव सत्रात ६ मिनिटे ११.१३ सेकंदांची फेरी केली. हा विक्रम ३५ वर्षे टिकला. जून २०१८ मध्ये टिमो बर्नहार्डने पोर्शे ९१९ हायब्रिड इव्हो गाडीतून ५ मिनिटे १९.५४६ सेकंदांची वेळ नोंदवली. पण त्याची गाडी शर्यतींच्या नियमांतून मुक्त केलेली होती आणि मार्गावर एकटीच धावत होती, त्यामुळे बेलोफच्या कामगिरीचे मोल कमी झालेले नाही.

१२ मे १९८४ रोजी नव्या मार्गाच्या उद्घाटनानिमित्त एकसारख्या मर्सिडीज गाड्यांची शर्यत ठेवण्यात आली. अनेक आजी-माजी विश्वविजेते तिच्यात उतरले होते. जिंकला तो तेव्हा नवखा असलेला आयर्टन सेना. लाउडा दुसरा आला. नवा मार्ग सुरक्षित आणि रुंद होता, पण जुन्याच्या शेजारी तो फिका वाटतो हे मत प्रेक्षकांत लवकरच पसरले.

फॉर्म्युला वन येथे १९८४ आणि १९८५ मध्ये आली आणि मग दहा वर्षे आली नाही. मिखाएल शुमाखरमुळे जर्मनीत या खेळाची लोकप्रियता वाढल्यावर १९९५ पासून शर्यती पुन्हा सुरू झाल्या. जर्मन ग्रांप्री हे नाव होकनहाइमकडे असल्याने येथील शर्यतीला युरोपियन ग्रांप्री म्हटले गेले. १९९७ आणि १९९८ मध्ये तर तिचे नाव लक्झेंबर्ग ग्रांप्री होते, जरी ती जर्मनीतच भरत होती. १९९९ च्या पावसाळी शर्यतीत जॉनी हर्बर्टने स्ट्युअर्ट संघाला त्याचा एकमेव विजय मिळवून दिला. या संघाचा संस्थापक तोच जॅकी स्ट्युअर्ट होता. २०१३ नंतर आर्थिक कारणांनी ही शर्यत बंद पडली. अपवाद २०२० च्या साथीच्या वर्षातील आयफेल ग्रांप्रीचा. तीत लुईस हॅमिल्टनने ९१ वा विजय मिळवून शुमाखरच्या विक्रमाची बरोबरी केली.

उत्तर फेऱ्याचा आजचा वापर

उत्तर फेऱ्यावर आज तीन प्रकारची वाहतूक चालते. वाहन उद्योग तेथे नव्या गाड्यांच्या चाचण्या घेतो. येथील फेरीची वेळ हे जाहिरातीचे साधन बनले आहे. पूर्वी ही वेळ कंपन्या २०.६ किमीच्या मोजणीवर सांगत आणि सरळ पट्ट्याचा एक तुकडा सुटत असे. २०१९ पासून अधिकृत नोंदीसाठी संपूर्ण २०.८३२ किमी मोजले जातात. त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

दुसरा वापर सर्वसामान्यांचा. ठरावीक दिवशी हा मार्ग कायद्याने एकेरी पथकर-रस्ता असतो आणि तिकीट काढून कोणीही आपली गाडी किंवा मोटारसायकल तेथे नेऊ शकतो. वाहतुकीचे नियम लागू असतात, उजवीकडून ओलांडण्यास मनाई असते आणि कठडा मोडल्यास दुरुस्तीचा खर्च चालकाकडून वसूल होतो. यातही अपघात होतात, कधी प्राणघातकही. न्युर्बुर्ग गावातच वाढलेली झाबिने श्मित्स प्रवाशांना शर्यतीच्या वेगाने फेरी घडवणाऱ्या 'रिंग टॅक्सी'मुळे जगभर ओळखली गेली. १९९६ मध्ये २४ तासांची शर्यत जिंकणारी ती पहिली महिला ठरली आणि पुढच्या वर्षी तिने ती पुन्हा जिंकली. मार्च २०२१ मध्ये तिच्या निधनानंतर उत्तर फेऱ्यावरील एका वळणाला तिचे नाव देण्यात आले.

तिसरा वापर शर्यतींचा. १९७० पासून होणारी २४ तासांची शर्यत दोन्ही मार्ग जोडून घेतली जाते. शंभराहून अधिक गाड्या तीत एकाच वेळी धावतात. त्यांत व्यावसायिक संघांच्या शक्तिशाली गाड्यांबरोबर हौशी चालकांच्या लहान गाड्याही असतात. २०१६ मध्ये गारपिटीमुळे आणि २०२४ मध्ये धुक्यामुळे ती मध्येच थांबवावी लागली. २८ मार्च २०१५ रोजी येथील दुसऱ्या एका शर्यतीत फ्लुगप्लात्स येथे एक गाडी हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. त्यानंतर काही भागांत वेगमर्यादा लावण्यात आली. रस्त्याचे उंचवटे कमी करून आणि जादा कुंपणे घालून २०१६ मध्ये ती उठवण्यात आली. १९७० मध्ये केलेला उपाय ४५ वर्षांनी पुन्हा करावा लागला.

आर्थिक अडचणी आणि मालकी

संकुल दीर्घकाळ सार्वजनिक मालकीचे होते. फॉर्म्युला वनच्या वाढत्या शुल्कामुळे होणारा तोटा भरून काढण्यासाठी राज्य सरकारने 'न्युर्बुर्गरिंग २००९' ही योजना हाती घेतली. हॉटेले, सभागृहे, मनोरंजन उद्यान आणि अतिवेगवान रोलर कोस्टर असे तिचे स्वरूप होते. खाजगी गुंतवणूक उभी राहिली नाही, बोजा सरकारी तिजोरीवर पडला आणि जुलै २००९ मध्ये राज्याच्या अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. रोलर कोस्टर तांत्रिक बिघाडांमुळे २०१३ मध्ये सुरू झाला आणि अवघे चार दिवस चालून बंद पडला.

जुलै २०१२ मध्ये संकुल चालवणारी सरकारी कंपनी दिवाळखोरीत गेली. युरोपीय आयोगाने सरकारी मदतीच्या वैधतेची चौकशी केली. २०१४ मध्ये संकुल काप्रिकॉर्न या जर्मन उद्योगसमूहाला विकण्यात आले आणि त्याच वर्षी बहुतांश हिस्सा रशियन उद्योजक व्हिक्टर खारितोनिन यांच्याकडे गेला. खाजगी मालकीत उत्तर फेरा सर्वसामान्यांना बंद होईल, अशी भीती मोटारप्रेमींनी आणि स्थानिक रहिवाशांनी व्यक्त केली होती, आणि विक्रीला न्यायालयात आव्हानही देण्यात आले. शुल्क भरून मार्गावर गाडी चालवण्याची सोय मात्र चालू राहिली.

जुलै २०२१ मध्ये जवळच्या आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला तेव्हा येथील शर्यतींचे मैदान, वाहनतळ आणि इमारती बचावपथकांच्या तळासाठी देण्यात आल्या आणि पूरग्रस्तांसाठी आलेली मदत येथूनच वाटण्यात आली.